आढाव्याची पारख

अंगणवाडीत किंवा गावच्या उपकेंद्रात लहान मुलाला ‘आ’ करायला लावून प्लास्टिकच्या चमच्याने एक पिवळसर, तेलकट औषध पाजतात, ते आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ते ‘अ’ जीवनसत्त्व. मूल नऊ महिन्यांचे झाले की एक लाख एककांची पहिली मात्रा आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, असे एकूण नऊ डोस. १९७० साली हा कार्यक्रम आपल्या देशात सुरू झाला तो डोळ्यांसाठी. रातांधळेपणा आणि त्यामागून येणारे कायमचे अंधत्व टळावे, एवढाच त्याचा हेतू. या औषधाने मुलांचे प्राणही वाचतात, ही गोष्ट नंतर पुढे आली.

किती वाचतात? २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात उत्तर होते: हे औषध दिलेल्या मुलांतले मृत्यू शेकडा २४ ने कमी होतात. त्याच मंडळींपैकी चौघांनी २०१७ साली आढावा नव्याने करून छापला. या वेळी ठळकपणे मांडलेले उत्तर होते, शेकडा १२.

आता वाचकहो, औषध तेच, मात्रा तीच, आढावा घेणारी माणसेही तीच. सहा वर्षांत उत्तर निम्म्यावर कसे आले? कुणी लबाडी केली म्हणावे, तर तसे काहीच झालेले नाही. दोन्ही आढावे चांगले आहेत. पण चांगला आढावा म्हणजे काय आणि तो ओळखायचा कसा, हे कळल्याशिवाय या कोड्याचा उलगडा व्हायचा नाही. त्यासाठी थोडे मागे, शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल.

१८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांची बोअर लोकांशी लढाई जुंपली होती. त्या लढाईत इंग्रजांचे जितके शिपाई शत्रूच्या हातून पडले, त्याहून जास्त आजाराने गेले. विषमज्वराने, म्हणजे आपण ज्याला टायफॉइड म्हणतो त्याने, एकट्याने सुमारे आठ हजार माणसे नेली. वास्तविक या तापाची लस तेव्हा निघालेली होती. नेटली येथील लष्करी वैद्यकशाळेतले आल्मरॉथ राइट यांनी ती तयार केली होती. हे राइटसाहेब आपल्याकडेही येऊन गेले होते बरं का! मुंबई-पुण्याकडे प्लेगने कहर केल्यावर सरकारने १८९८ साली जे प्लेग कमिशन नेमले, त्याचे ते सभासद होते. त्या मुक्कामात त्यांनी हिंदुस्थानातल्या सुमारे चार हजार गोऱ्या शिपायांना आपली लस टोचली. परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे ते हाफकिनही त्याच सुमारास मुंबईत प्लेगची लस टोचीत होते.

लढाई संपल्यावर लष्करापुढे प्रश्न उभा राहिला: ही लस सगळ्या फौजेला टोचावी की नाही? राइट म्हणत, आकडे डोळ्यांपुढे आहेत, आता विचार कसला करता! ते आकडे मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील कार्ल पीअर्सन यांच्यापुढे ठेवण्यात आले. पीअर्सन हे वैद्य नव्हते, गणिती होते. संख्याशास्त्राच्या पाया घालणाऱ्यांपैकी एक. स्वभाव मोठा करडा, वादाला नेहमी तयार.

पीअर्सननी काय केले? निरनिराळ्या ठिकाणचे आकडे त्यांनी वेगवेगळे मांडले. इस्पितळातील नोकरवर्ग एकीकडे, वेढ्यात सापडलेल्या लेडीस्मिथची शिबंदी दुसरीकडे, सुट्या पलटणी तिसरीकडे, हिंदुस्थानातील फौज चौथीकडे. प्रत्येक ठिकाणी लस आणि आजार यांचा संबंध किती घट्ट आहे, याचे एक माप काढले आणि मग त्या मापांची सरासरी घेतली. १९०४ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुष्कळ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून एक उत्तर काढण्याचा वैद्यकातला हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक, असे आज मानतात.

पण मला त्या सरासरीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. सरासरी काढून पीअर्सन तिथेच थांबले नाहीत. हे आकडे एकमेकांशी जुळत का नाहीत, असा प्रश्न त्यांनी केला. लेडीस्मिथमध्ये लशीचा गुण चांगला दिसतो आणि सुट्या पलटणींत जवळजवळ दिसतच नाही, हे कसे? लस एकच, ताप एकच. आणि दुसरा प्रश्न याहून मार्मिक. लस टोचून घेणे तेव्हा शिपायाच्या मर्जीवर होते. जो आपण होऊन दंड पुढे करतो, तो मुळातच जपून वागणारा, पाण्याची काळजी घेणारा असला तर? मग तो वाचला तो लशीमुळे की स्वभावामुळे? पीअर्सननी सुचवले, की लस घेऊ इच्छिणाऱ्यांची एक यादी करा आणि त्यांतल्या एकाआड एकालाच ती टोचा. म्हणजे दोन्हीकडे सारख्याच स्वभावाची माणसे येतील आणि मग जो फरक दिसेल तो लशीचा.

राइट भडकले. दोघांची जुंपली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या पानांवर. त्या भांडणात कोण बरोबर होते, हे सांगणे अवघड आहे. १९१४ च्या महायुद्धात इंग्रजी फौजेत बहुतेकांनी लस घेतलेली होती आणि विषमज्वर फारच थोडा झाला. राइटचे चाहते त्याकडे बोट दाखवतात. पण त्या फौजेत पाण्याची व्यवस्थाही पुष्कळ सुधारलेली होती. लशीचा वाटा किती आणि स्वच्छ पाण्याचा किती, हा हिशेब पीअर्सननी सांगितलेला प्रयोग न केल्यामुळे लागलाच नाही. विषमज्वराच्या लशीची नीट नियंत्रित चाचणी व्हायला १९५० नंतरचे दशक उजाडावे लागले, आणि ती झाली युगोस्लाव्हियात.

मधला काळ मी भराभर ओलांडतो. १९४८ च्या सुमारास चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे कुणाच्या मर्जीवर न ठेवता, रुग्णांचे दोन गट पाडून औषध तपासण्याची पद्धत रूढ होऊ लागली. प्रयोग वाढले, मासिके वाढली, आणि एकेका औषधावर पंचवीस-पन्नास निबंध साचले. हे सगळे वाचणार कोण? आर्ची कॉक्रन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांनी १९७२ साली एक लहानसे पुस्तक लिहिले आणि १९७९ साली एका लेखात आपल्या व्यवसायबंधूंना खडसावले: आपापल्या विषयातल्या अशा सगळ्या प्रयोगांचा चिकित्सक सारांश काढून तो वेळोवेळी ताजा ठेवण्याची व्यवस्था तुम्ही अजून केली नाही, ही शरमेची गोष्ट आहे. त्यांच्या नावाचे केंद्र ऑक्सफर्डला निघाले ते १९९२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

सारांश मात्र त्याआधीही निघतच होते, आणि त्यांची दशा काय होती ते ऐकण्यासारखे आहे. सिंथिया मल्रो या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९८५-८६ या एका वर्षात चार नामांकित वैद्यकीय मासिकांत आलेले ५० आढावे तपासायला घेतले. आठ साधे निकष लावले. हेतू स्पष्ट आहे का, निबंध कसे शोधले ते सांगितले आहे का, निवडताना कोणता नियम लावला, अशा तऱ्हेचे. आठही निकषांना उतरलेला आढावा एकही निघाला नाही. आपण निबंध कसे शोधले, कसे निवडले, कसे पारखले हे स्पष्ट सांगणारा आढावा पन्नासांत एक! बाकीच्यांनी आपल्याला ठाऊक असलेले निबंध घेतले, आवडले ते ठेवले आणि अधिकारवाणीने निकाल दिला. निकालपत्र हाती, पण साक्षीदार कोण होते याचा पत्ता नाही, असा तो प्रकार.

तुम्ही म्हणाल, पण लिहिणारे जाणकार होते ना? तिथेच तर मौज आहे. कॅनडातील अँड्र्यू ऑक्समन आणि गॉर्डन गायट यांनी १९९१ साली आढाव्याची प्रत मोजण्याची एक मोजपट्टी तयार केली, आणि पुढे दोन वर्षांनी असे दाखवले की त्या विषयातला तज्ज्ञ जितका मोठा, तितका त्याने लिहिलेला आढावा सरासरीने हलक्या प्रतीचा. ज्याचे मत आधीच पक्के झालेले असते, तो शोधण्यात वेळ कशाला घालवील? आपल्याकडच्या विद्वत्सभांत बसलेल्यांना हे फारसे नवल वाटणार नाही.

तेव्हापासून अशा मोजपट्ट्या सुधारत गेल्या. आज जी पुष्कळ वापरात आहे तिचे नाव ‘अम्स्टार’. २००७ साली ती निघाली तेव्हा तीत ११ प्रश्न होते. २०१७ च्या सुधारलेल्या आवृत्तीत १६ आहेत, आणि त्यांतले सात कळीचे मानले जातात. त्या सातांपैकी एकाही प्रश्नावर आढावा लंगडा पडला, तर त्यावर फारसा विश्वास टाकू नये. दुसरी एक यादी आहे, ‘प्रिझ्मा’ नावाची, २००९ सालची. पण तिच्यात गल्लत करू नका हं! आढावा कसा लिहून मांडावा, एवढेच ती सांगते. नीटनेटका लिहिलेला आढावा आतून पोकळ असू शकतो. चोपडी सुवाच्य अक्षरात लिहिली म्हणून हिशेब बरोबर ठरत नाही.

अम्स्टारचे प्रश्न मी एकामागून एक वाचून दाखवणार नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोष्टीतच ते आपोआप भेटतील.

ती गोष्ट सुरू होते इंडोनेशियात. आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकन नेत्रवैद्य तिथे मुलांच्या डोळ्यांचा अभ्यास करीत होते. त्यांच्या ध्यानात आले, की ज्या मुलांना नुसता रातांधळेपणा आहे, बाकी काही नाही, तीही इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक संख्येने दगावतात. १९८३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. मग सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला अ‍ॅचे प्रांतात ४५० गावे घेऊन प्रयोग केला. काही गावांतल्या मुलांना जीवनसत्त्वाची मात्रा लगेच, काहींना प्रयोग संपल्यावर. १९८६ साली निष्कर्ष आला: मात्रा मिळालेल्या गावांत मृत्यू शेकडा ३४ ने कमी.

विश्वास कोण ठेवणार? काही पैशांच्या एका गोळीने बालमृत्यूंतला तिसरा हिस्सा कमी होतो, हे ऐकायलाच जादूसारखे. शिवाय दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण गुण नसलेली मात्रा दिलेली नव्हती, ही उणीव होतीच. म्हणून ठिकठिकाणी प्रयोग झाले. आपल्याकडे दोन. तमिळनाडूत सुमारे १५ हजार मुलांना मोठी मात्रा एकदम न देता दर आठवड्याला थोडी थोडी दिली. मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मंडळींनी जवळपास तेवढ्याच मुलांवर सहामाही मात्रेचा प्रयोग केला. फरक काहीच दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष १९९० साली छापले गेले. नेपाळात सार्लाही जिल्ह्यात शेकडा ३० चा फायदा, घानात १९ चा, सुदानात काही नाही.

बघा, पीअर्सनपुढचा पेच पुन्हा आला! लस एक, गुण अनेक. १९९३ साली टोरांटो विद्यापीठातील जॉर्ज बीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ प्रयोगांची बेरीज मांडली आणि शेकडा २३ हा आकडा काढला. पुढची वीस वर्षे तो आकडा जगभर फिरत राहिला.

या मधल्या काळात आपल्या उत्तर प्रदेशात एक प्रचंड प्रयोग चालू होता. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून नाव झाले ‘देवता’. सात जिल्ह्यांतले ७२ तालुकेवजा विभाग, आठ हजारांवर अंगणवाड्या, एका वेळी सुमारे दहा लाख मुले. त्याआधीचे सारे प्रयोग एकत्र केले तरी त्यांतल्या मुलांची संख्या याच्या पासंगाला पुरणार नाही. ३६ विभागांत जीवनसत्त्व, ३६ विभागांत नाही. १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे काम चालले. निष्कर्ष: मृत्यू शेकडा ४ ने कमी, आणि तो फरकही योगायोगाने पडला असेल असे म्हणण्याजोगा लहान.

हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ मासिकात छापून आला कधी? २०१३ साली. काम संपल्यावर नऊ वर्षांनी!

इथे आढाव्याची पहिली परीक्षा लागते. जो आढावा छापील निबंधांवरच थांबतो, तो अशा वेळी फसतो. मोठा गुण दाखवणारे प्रयोग लवकर छापले जातात, काही न दाखवणारे कपाटात राहतात, हा जगाचा अनुभव आहे. म्हणून न छापलेलेही शोधले का, हे अम्स्टार आवर्जून विचारते. २०११ च्या आढावाकारांची इथे तारीफ केली पाहिजे. ‘देवता’ प्रसिद्ध झालेला नसताना त्यांनी तो गाठला आणि तो धरून बेरीज केली तर शेकडा १२ च उरतात, हेही छापून टाकले. पण ती बाजूची बेरीज. मथळ्यात आणि पुढच्या हिशेबात राहिले ते २४. जगातल्या १९ कोटी अभावग्रस्त मुलांना हे औषध मिळाले तर वर्षाला सहा लाखांवर प्राण वाचतील, असा अंदाज त्यांनी त्याच आकड्यावरून बांधला. वर्तमानपत्रांनी काय उचलले असेल, ते सांगायला नको.

दुसरी परीक्षा याहून कठीण. ‘देवता’ प्रयोग होता तरी कसा? सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर कडाडून टीका केली: मुलांची आधी रीतसर गणती नाही, एवढ्या अफाट पसाऱ्यावर देखरेख तुटपुंजी, आणि शेकडा ८६ मुलांनी मात्रा घेतली हे खरे मानायचे कसे? प्रयोगकर्त्यांचे उत्तर असे, की नमुन्यादाखल रक्त तपासले तेव्हा जीवनसत्त्व दिलेल्या विभागांत तीव्र अभाव निम्म्यावर आलेला होता. मात्रा पोटात गेलीच नसती तर हे कसे घडले असते? मला हे उत्तर वजनदार वाटते. पण आक्षेपही झटकून टाकण्याजोगे नाहीत. चांगल्या आढाव्याने अशा वेळी प्रत्येक प्रयोगाचे दोष तपासून लिहिले पाहिजेत. नावडत्याचे तेवढे दोष काढायचे आणि आवडत्याला मोकळे सोडायचे, हे चालणार नाही. अ‍ॅचेच्या प्रयोगातही उणीव होती, हे आपण मघाशी पाहिलेच.

आणि तिसरी, बेरजेच्या रीतीची. दहा गावांनी मिळून एक प्रश्न सोडवायचा आहे, आणि त्यांतले एक गाव बाकी नवांच्या मिळून लोकसंख्येएवढे आहे, असे समजा. डोकी मोजली तर त्या एका गावाचेच चालणार. गावागणिक मत घेतले तर लहान गावांचे चालणार. संख्याशास्त्रातही अशा दोन रीती आहेत. औषधाचा गुण सगळीकडे एकच आहे, फरक दिसतो तो योगायोगाचा, असे धरले तर मोठ्या प्रयोगाला त्याच्या आकाराचे वजन मिळते. गुण मुळातच ठिकाणागणिक वेगळा असतो असे धरले, तर लहानमोठ्यांतले अंतर पुष्कळ कमी होते. २०१७ च्या आढाव्यात दोन्ही बेरजा आहेत. पहिल्या रीतीने शेकडा १२, दुसऱ्या रीतीने अजूनही २४! लेखकांनी १२ पुढे ठेवले. ‘देवता’च्या प्रयोगकर्त्यांनी स्वतः निवडक आठ जुन्या प्रयोगांत आपला मिळवून काढलेली बेरीज ११ होती.

कोणती रीत बरोबर, हे अम्स्टार सांगत नाही. रीत आधी ठरवली होती की आकडे पाहून मग, निष्कर्ष एकमेकांशी का जुळत नाहीत याची चर्चा केली का, एवढेच ते विचारते. आधी ठरवले होते हे सिद्ध करता यावे म्हणून २०११ पासून इंग्लंडात यॉर्क येथे एक नोंदवही उघडली आहे. आढावा हाती घेण्याआधी आपला बेत तिथे लिहून ठेवायचा. लग्नाची बोलणी कागदावर उतरवून घेण्यासारखेच हे. नंतर कुणी म्हणू नये, की असे ठरलेच नव्हते.

एवढे सगळे तपासून आढावा खरा ठरला, तरी आपल्याकडचा प्रश्न पुरता सुटत नाही. २०१७ च्या बेरजेत सुमारे १२ लाख मुले आहेत, पण मृत्यूंवरचे बहुतेक प्रयोग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांतले. तेव्हा गोवर मोकाट होता. त्यानंतर २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत आपल्या देशातल्या एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे शेकडा १८ मुलांत या जीवनसत्त्वाचा अभाव आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत शेकडा २० पासून पुढे प्रश्न गंभीर. म्हणजे आपण रेषेच्या किंचित खाली. पण हा ‘आपण’ फसवा आहे. त्याच पाहणीत गोव्यात हा अभाव नाममात्र निघाला, आणि झारखंडात शेकडा चाळीसच्या वर. यावरून आता तज्ज्ञांत वाद आहे. काही म्हणतात, सरसकट सगळ्या मुलांना मोठ्या मात्रा देणे थांबवा आणि जिथे अभाव आहे तिथेच द्या. काही म्हणतात, गरिबाच्या ताटात अजून दूध, अंडी, पालेभाजी पुरेशी पडत नाही, तोवर हात आखडू नका. दोन्ही पक्ष त्याच आढाव्याचा दाखला देतात. त्यांच्यातला निवाडा व्हायचा असेल तर जिल्ह्याजिल्ह्यातल्या मुलांचे रक्त तपासावे लागेल. राज्यांच्या सरासऱ्या त्याला पुरणार नाहीत, कारण एकाच राज्यात शहरातले मूल आणि डोंगरातल्या पाड्यावरचे मूल एकाच ताटात जेवत नसतात.